नवल, कुतूहल आणि सत्याची चाड

काही बातम्या वर्तमानपत्रात छापून येण्याआधीच आपल्या दारात येऊन उभ्या राहतात. शेजारीण भाजीची पिशवी खाली न ठेवताच सांगू लागते; रविवारची मिस्सा आटोपून चर्चच्या आवारात जमलेल्या घोळक्यात दुसरा विषय निघत नाही. कुठे मूर्तीच्या डोळ्यांतून पाणी वाहते, कुठे झाडाच्या बुंध्यावर चेहरा उमटतो, कुठे कापलेल्या फळात क्रूस दिसतो. अशा बातमीसरशी ऐकणाऱ्यांचे तत्काळ दोन पक्ष पडतात. एक हात जोडतो, दुसरा हसतो. आम्ही आजवर या दोन्ही पक्षांत आळीपाळीने राहून आलो आहोत आणि दोन्हीकडे आम्हांस सारखेच अवघडल्यासारखे झाले आहे. म्हणून प्रस्तुत लेखात कोणत्याही पक्षाची वकिली करण्याचा हेतू नाही. नवल वाटणे ही माणसाच्या मनाची चांगली खूण की वाईट, आणि नवल वाटल्यानंतर त्याचे कर्तव्य कोणते, एवढ्याच प्रश्नाचा वाचकांसमवेत विचार करावा, असे मनात आहे.

२१ सप्टेंबर १९९५ हा दिवस आज पन्नाशी ओलांडलेल्या कोणाच्याही स्मरणातून गेला नसेल. गणपतीची मूर्ती चमच्याने पाजलेले दूध पिते, ही वार्ता त्या दिवशी पहाटे दिल्लीत उठली आणि दुपारपर्यंत देशभर पसरली. तेव्हा घरोघरी भ्रमणध्वनी नव्हते. तरीही ती लंडनच्या साउथॉलपर्यंत त्याच दिवशी पोहोचली. देवळांपुढे रांगा लागल्या, कचेऱ्या ओस पडल्या, दूध मिळेनासे झाले. केंद्र सरकारच्या विज्ञान विभागातील शास्त्रज्ञांनी रंग मिसळलेले दूध मूर्तीला लावून पाहिले, तेव्हा तो रंग मूर्तीच्या अंगावरून खाली ओघळलेला दिसला. चमचा काठोकाठ भरून त्याची कड ओल्या दगडाला टेकवली, की द्रवाच्या पृष्ठताणामुळे दूध दगडाकडे ओढले जाते आणि अगदी पातळ थर होऊन खाली उतरते. पांढऱ्या संगमरवरावर तो पांढरा थर नजरेस येत नाही, इतकेच.

आम्ही त्या संध्याकाळी घरच्या वरवंट्यावर हाच प्रयोग केला. वरवंटा पाण्याने पुसून उभा धरला आणि दुधाने भरलेला चमचा त्याला अलगद टेकवला. चमचा रिता झाला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही हसलो, आणि ते हसणे केवळ प्रयोग साधल्याच्या आनंदाचे नव्हते, हे आज कबूल केले पाहिजे. शेजारधर्मीयांच्या भोळेपणावर आपण मात केली, आपल्या घरी असले काही चालत नाही, अशी एक सूक्ष्म फुशारकी त्या हसण्यात होती. ती फुशारकी उतरायला आणखी सतरा वर्षे लागायची होती.

मध्यंतरी माहीमची घटना घडली. १८ ऑगस्ट २००६ रोजी, शुक्रवारी संध्याकाळी, माहीमच्या किनाऱ्यावर समुद्राचे पाणी गोड झाल्याची बातमी फुटली. पीर मखदूम अली माहिमी यांचा दर्गा तेथून जवळच. ही त्यांचीच कृपा, असे भाविकांच्या मनाने घेतले. रात्रभर माणसे लोटली. बाटल्या भरल्या गेल्या, ओंजळीने पाणी प्यायले गेले, लहान मुलांनाही पाजले गेले. त्या गर्दीत एकाच धर्माचे लोक होते असेही नाही. मुंबईची गर्दी कधीच एका धर्माची नसते. मिठी नदी विहार आणि पवईच्या तलावांचे ओसंडलेले पाणी घेऊन माहीमच्या खाडीला मिळते. वाटेत ती शहराचे सांडपाणी व कारखान्यांची घाण पोटात घेते, हे मुंबईकरांस सांगावयास नको. वर्षभरापूर्वीच, २६ जुलै २००५ च्या पुरात, त्या नदीने आपले सारे अंतरंग रस्त्यावर आणून टाकले होते. पावसाळ्यात गोड्या पाण्याचा लोंढा समुद्रात शिरला, की ते पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने काही काळ वर तरंगते. पाणी गोड लागले ते यामुळे. चमत्कार खोटा होता. चव मात्र खोटी नव्हती. पालिकेने व शासनाने पाणी पिऊ नका असे परोपरीने विनवले. दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा खारट झाले आणि गर्दी ओसरली.

या घटनेत आम्हांस अधिक अस्वस्थ केले ते एका गोष्टीने. पाणी गोड का झाले, हा प्रश्न पहिल्या रात्री प्रत्येकाच्या तोंडी होता. त्याचे उत्तर लगोलग वर्तमानपत्रांत आले, तेव्हा मात्र ते वाचण्यास फारसे कोणी थांबले नाही. चमत्काराची बातमी पहिल्या पानावर येते. खुलासा आतल्या पानात जातो आणि रद्दीत विकला जातो. आम्ही ओळखीच्या दहा जणांना आजही विचारले, तर माहीमचे पाणी गोड झाल्याचे दहाही जणांना आठवते. ते का झाले, हे सांगू शकणारा एखादाच निघतो.

आता आमच्या स्वतःच्या घराकडे वळू.

मार्च २०१२ मध्ये विलेपार्ले येथील इर्ल्याच्या वेलंकणी मातेच्या चर्चच्या आवारातील क्रूसमूर्तीच्या पायांतून पाण्याचे थेंब ठिबकू लागले. उपवासकाळ चालू होता. ख्रिस्ताच्या चरणांतून पाणी येते, ही बातमी त्या पवित्र दिवसांत भाविकांच्या काळजाला कशी भिडली असेल, हे आमच्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही. माणसे आली, गुडघे टेकले, थेंब टिपून घेतले. विवेकवादी कार्यकर्ते सनल एडामरुकू यांनी एका दूरचित्रवाणी वाहिनीच्या निमंत्रणावरून जागेची पाहणी केली. जवळच्या तुंबलेल्या गटारातील पाणी भिंतीत शिरून केशाकर्षणाने वर चढते आणि क्रूसाच्या लाकडातून व खिळ्याच्या छिद्रातून खाली ठिबकते, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. पुढे वाहिनीवरील चर्चेत त्यांनी चर्चवरही कठोर टीका केली. त्यानंतर धार्मिक भावना दुखावल्याच्या, म्हणजे भारतीय दंड संहितेच्या २९५-अ या कलमाखाली, त्यांच्याविरुद्ध पोलिसांत तक्रारी दाखल झाल्या. त्याच वर्षी ते फिनलंडला निघून गेले.

सतरा वर्षांपूर्वी वरवंट्याला दूध पाजून हसलेले आम्ही आता हसलो नाही. एडामरुकू यांच्या बोलण्याला धार होती, आणि ती आम्हांलाही लागली. परंतु बोलण्याची धार ही एक गोष्ट आणि भिंतीतली ओल ही दुसरी गोष्ट. पहिलीचा राग आला म्हणून दुसरी कोरडी होत नाही. वसईपासून वांद्र्यापर्यंत ज्यांचे बालपण जुन्या घरांत गेले, त्यांना पावसाळ्यात भिंतीला चढणारी ओल ठाऊक आहे. जोत्यापासून हातभर वर चुन्याचे पोपडे सुटतात, तेव्हा आपण गवंड्याला बोलावतो. मेणबत्ती लावत नाही. मग तीच ओल क्रूसाशी पोहोचली की आपली गवंड्याची अक्कल कुठे जाते? शेजाऱ्याच्या देवळातील घटनेला पृष्ठताण आणि आपल्या आवारातील घटनेला कृपा, असा दुहेरी तराजू वापरणे हा बुद्धीचा दोष आहेच. तो न्यायाचाही दोष आहे.

त्या दिवसांत आमच्या एक वृद्ध मावशी इर्ल्यास जाऊन आल्या. औषधाच्या लहानशा बाटलीत त्यांनी ते पाणी आणले होते. घरातल्या अल्तारावर, मारियामातेच्या तसबिरीशेजारी ती बाटली ठेवली गेली आणि रोजच्या संध्याकाळच्या रोझरीत तिच्याकडे पाहून त्यांचे डोळे भरून येऊ लागले. पाहणीचे वृत्त आम्ही तोवर वाचले होते. तरीही आम्ही गप्प राहिलो. मावशींचे वय झाले आहे, त्यांच्या श्रद्धेला धक्का कशाला लावा, असे आम्ही स्वतःस सांगितले आणि त्या मौनाला सौजन्य असे नाव दिले. त्या मौनाचे पुढे काय झाले ते नंतर सांगू. आधी ज्यांनी या प्रश्नावर आमच्यापेक्षा खोल विचार केला, त्यांच्याकडे जाऊ.

कुतूहलाविषयी आपल्या परंपरेत एक जुना वाद आहे. संत ऑगस्टीन यांनी आपल्या 'कन्फेशन्स' या ग्रंथाच्या दहाव्या भागात कुतूहलाला डोळ्यांची वासना म्हणून मोहांच्या यादीत बसवले आहे. छिन्नविच्छिन्न प्रेत पाहून माणसाला शहारे येतात, तरी ते पाहण्यास तो धावतो, असे त्यांचे निरीक्षण आहे. रस्त्यावरील अपघाताभोवती जमणारी आपली गर्दी पाहिली, की सोळाशे वर्षांपूर्वीचे हे वाक्य आजच्या सकाळी लिहिल्यासारखे वाटते. त्यांनी स्वतःलाही सोडलेले नाही. घरात बसले असता माश्या पकडणारी पाल किंवा जाळ्यात माशी गुरफटवणारा कोळी आपले लक्ष वेधून घेतो, अशी कबुली ते देतात. मात्र पुढे ते सांगतात, की अशा दृश्यावरून आपले मन सृष्टिकर्त्याच्या स्तुतीकडे वळते; परंतु ते दृश्य प्रथम लक्ष वेधते, तेव्हा ही स्तुती मनात नसते. किती प्रामाणिक हे आत्मपरीक्षण!

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी या विषयात एक मोलाचा भेद केला. जाणून घेण्याची इच्छा त्यांनी दोषी ठरवली नाही. ती माणसाच्या प्रकृतीतच आहे. त्या इच्छेला शिस्त लावणारा सद्गुण त्यांनी संयमाच्या परिवारात मानला, आणि तिची बेशिस्त हा दुर्गुण. सत्य नको असून केवळ खळबळ हवी असणे, शेजाऱ्याचे दोष काढण्यासाठी त्याच्या घरात डोकावणे, आपल्या आवाक्याबाहेरच्या गोष्टींवर घाईने निवाडा देणे, ही त्या बेशिस्तीची रूपे. आपल्या मराठीला हा भेद नवा नाही. 'भोचकपणा' आणि 'जिज्ञासा' हे दोन शब्द आपण कधी एकमेकांच्या जागी वापरत नाही. भोचक माणूस विचारतो आणि उत्तर ऐकण्याआधी पुढच्या दाराशी जातो. जिज्ञासू माणूस विचारतो आणि थांबतो; मिळालेले उत्तर न आवडले तरी थांबतो. दोघांना आरंभी वाटलेले नवल मात्र सारखेच असते. म्हणून दोष नवलात नाही. नवल हे दार आहे. दारातच वस्ती करणे हा दोष.

हा निकष हात जोडणाऱ्यांना लागू आहे, तसाच हसणाऱ्यांनाही. 'सगळे थोतांड!' म्हणून पाठ फिरवणाराही उत्तरासाठी थांबत नाही. माहीमचे पाणी गोड लागले नाही, लोक खोटे बोलतात, असे घरबसल्या सांगणारे त्या वेळी भेटले होते. लोक खोटे बोलत नव्हते. पाण्याची चव खरोखरच बदलली होती. न पाहता नाकारणे आणि न तपासता स्वीकारणे ही एकाच आळसाची दोन अपत्ये होत.

कोणी म्हणेल, श्रद्धेच्या प्रांतात तपासणीची भाषा शोभत नाही; प्रभूने तर न पाहता विश्वास ठेवणाऱ्यांना धन्य म्हटले आहे. हा आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. ते उद्गार शिष्य थॉमसच्या प्रसंगातले आहेत. पण त्याच प्रसंगात प्रभू आठ दिवसांनी पुन्हा येतो आणि शंका घेणाऱ्या थॉमससमोर आपल्या जखमा उघड्या करतो, हेही तितकेच खरे. शंकेखातर त्याला शिष्यगणातून घालवून दिले गेले नाही. शिवाय न पाहता ज्याच्यावर विश्वास ठेवायचा तो पुनरुत्थित प्रभू आहे. अमुक भिंतीतून तमुक पाणी आले, हे विधान नव्हे. परुश्यांनी चिन्ह मागितले तेव्हा प्रभूने ते देण्याचे नाकारले. मंदिराच्या कड्यावरून उडी टाकून लोकांना दिपवावे, ही सूचना अरण्यात कोणाकडून आली होती, हे आपण उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी ऐकत आलो आहोत.

आणि ख्रिस्तसभेने स्वतः काय केले? संतपदाच्या प्रक्रियेत तिने सोळाव्या शतकापासून एक अधिकारीच नेमून ठेवला. प्रस्तावित संताविरुद्ध व त्याच्या नावावरील चमत्कारांविरुद्ध जे जे बोलता येईल, ते बोलणे हे त्याचे काम. लोक त्याला सैतानाचा वकील म्हणत. हेच पद सांभाळलेल्या प्रोस्पेरो लांबेर्तिनी यांनी अठराव्या शतकात चमत्कारांच्या चौकशीचे नियम ग्रंथबद्ध केले. पुढे तेच पोप चौदावे बेनेडिक्ट झाले. आजार गंभीर असला पाहिजे, बरे होणे आकस्मिक, संपूर्ण आणि टिकाऊ असले पाहिजे, उपचारांनी त्याचा उलगडा होता कामा नये, अशी ती कसोटी. लूर्डला १८८३ पासून वैद्यकीय नोंदणीचे कार्यालय आहे. तेथे बरे झाल्याचे दावे सात हजारांवर नोंदले गेले. त्यांपैकी चमत्कार म्हणून मान्य झालेले सत्तरच्या थोडेसेच पुढे जातात. शंभर दाव्यांमागे जेमतेम एक! मे २०२४ मध्ये व्हॅटिकनने अशा घटनांविषयी नवे नियम जारी केले. त्यांनुसार एखादी घटना अलौकिक असल्याची ग्वाही बिशप यापुढे सर्वसाधारणतः देणार नाहीत. फार तर भक्तीस हरकत नाही, एवढेच सांगितले जाईल. त्याच वर्षी मार्चमध्ये रोमनजीकच्या त्रेविन्यानो येथील, रक्ताचे अश्रू ढाळणाऱ्या मारियामातेच्या मूर्तीबाबत, तेथे काही अलौकिक नाही असा स्पष्ट निर्णय स्थानिक बिशपांनी दिला होता. जी माता इतकी सावध, तिची लेकरे इतकी उतावीळ का असावीत?

आता मावशींची राहिलेली गोष्ट.

बाटली आणल्याला तीन आठवडे झाले असतील. त्यांच्या नातीस ताप आला. डॉक्टरांचे औषध चालू होते; पण एका संध्याकाळी मावशींनी अल्तारावरची बाटली उचलली आणि चमचा मागितला. आता मात्र आम्हांस गप्प बसता येईना. आम्ही त्यांचा हात धरला आणि वाचलेले सारे सांगितले. त्या रडतील, चिडतील, आम्हांस नास्तिक ठरवतील, अशी आमची अपेक्षा होती. त्यांनी बाटली खाली ठेवली. थोड्या वेळाने विचारले, "हे तुला केव्हापासून ठाऊक होते?"

"तुम्ही बाटली आणलीत त्याच आठवड्यापासून."

"आणि मी रोज तिच्यापुढे बसत होते, ते तू बघत होतास?"

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. पाणी गटाराचे असू शकते, हे त्यांनी पाच मिनिटांत स्वीकारले. आपल्याला सत्य पेलणार नाही असे घरच्या माणसाने परस्पर ठरवून टाकले, हे मात्र त्यांना फार दिवस लागून राहिले. ज्याला आम्ही सौजन्य म्हणत होतो, त्याच्या तळाशी १९९५ सालचे तेच हसणे होते. फक्त आता ते ओठांवर येत नव्हते. उघड हसणाऱ्याला निदान उत्तर तरी देता येते.

म्हणून या लेखाच्या आरंभीच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे: नवल वाटल्यानंतर माणसावर दोन कर्तव्ये येतात. पहिले, उत्तरासाठी थांबण्याचे. दुसरे, ते उत्तर मिळाले तर ज्याला त्याची गरज आहे त्याच्यापर्यंत, त्याचा मान राखून, पोहोचवण्याचे. यांपैकी दुसरे अधिक कठीण. एडामरुकू यांनी सत्य सांगितले; पण त्या सांगण्यात श्रोत्याचा मान कमी पडला, असे आम्हांस वाटते. आम्ही मान राखण्याचे निमित्त केले आणि सत्य दडवले. आणि ज्यांना सत्य कडवट लागले त्यांनी पोलीस ठाणे गाठले. या तिघांत सर्वांत थोडा दोष कोणाचा, हा प्रश्न आम्ही स्वतःस अनेकदा विचारला आहे, आणि त्याचे उत्तर आमच्या सोयीचे नाही.

आता तर थांबणे अधिकच अवघड झाले आहे. वार्ता दारात येत नाही, खिशात येते. रडणाऱ्या मूर्तीचे चित्र येते, खाली 'आमेन' लिहून दहा जणांना पाठवा अशी आज्ञा असते, न पाठवल्यास संकटाची सूचनाही असते. पाठवण्यास एक बोट पुरते आणि क्षणही लागत नाही. ती आज्ञा पाळणारे बहुधा सज्जन असतात. परंतु धमकी देऊन भक्ती वसूल करणारा तो देव आपल्या शुभवर्तमानातला नव्हे, एवढे तरी पाठवण्याआधी ध्यानी घ्यावे. ज्या घरात मुले मोठ्यांना असे निरोप पुढे ढकलताना पाहतात, त्या घरात धर्मशिक्षणाचा एक वर्ग रोज भरतच असतो. तो कशाचा, हे पालकांनी ठरवायचे.

उलगडा झाल्याने जगातले नवल आटते, अशी भीती कित्येकांना वाटते. आमचा अनुभव तसा नाही. ज्या गुणामुळे ओल भिंतीत चढते, त्याच गुणामुळे दिव्याच्या वातीतून तेल ज्योतीपर्यंत चढते. हे समजल्यापासून समईतला दिवा आम्हांस कमी पवित्र वाटलेला नाही. उलट आम्ही त्याच्याकडे पूर्वीपेक्षा जास्त वेळ पाहतो.

मावशी पुढे पाच वर्षे जगल्या. ती बाटली त्यांनी दुसऱ्याच दिवशी रिकामी केली, गरम पाण्याने खळखळून धुतली आणि तिच्यात खोबरेल भरून ठेवले. अल्तारावरच्या त्या जागी पुन्हा काही ठेवले नाही. रोझरीची वेळ मात्र एक दिवसही चुकली नाही. नवी काही बातमी कानी आली, की त्या आम्हांस बोलावून घेत आणि म्हणत, "हे काय आहे ते बघ, आणि या वेळी लगेच सांग."